मुंब्र्यातील अरबी व इस्लामी शास्त्रांचे सायंवर्ग : एका विद्यार्थ्याचा अभिप्राय

नोकरीधंदा सांभाळून अरबी शिकावी आणि त्या भाषेच्या आधाराने कुरआन, हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदी) व फिकह (इस्लामी आचारनियमांचे शास्त्र) यांचा पायाशुद्ध परिचय करून घ्यावा, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी मुंब्र्याच्या कौसा भागात एका लहानशा स्थानिक विश्वस्त संस्थेतर्फे सायंवर्ग चालवले जातात. मी तेथील भाषेचे दोन टप्पे पूर्ण करून सध्या तिसऱ्या टप्प्यात शिकत आहे आणि शास्त्रांच्या बहुतेक विषयांनाही बसलो आहे. माझे मत सुरुवातीलाच नोंदवतो. हे वर्ग भाषा आणि शास्त्रे अशा दोन गोष्टी शिकवण्याचे आश्वासन देतात. त्यांपैकी भाषेचे आश्वासन ते उत्तम रीतीने पाळतात. शास्त्रांचे आश्वासन मात्र ती शिकवताना भाषेचा जेवढा आधार घेतला जातो तेवढेच पाळले जाते. जिथे शिक्षक अरबी मजकूर समोर ठेवून तो शब्दाशब्दाने उलगडतात, तिथे शास्त्रही अंगी लागते. जिथे मजकूर बाजूला सारून उर्दूतून टिपणे उतरवून दिली जातात, तिथे वही भरते आणि परीक्षेनंतर ती कपाटात जाते.

आधी सोयीगैरसोयींचे सांगतो. धीम्या लोकलने मुंब्रा स्थानकावर उतरून शेअर रिक्षाने जुन्या मुंबई-पुणे मार्गाने कौशाकडे निघाले की मशिदीलगतच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर हे वर्ग भरतात. भाषेचे वर्ग सोमवार ते गुरुवार मगरिब आणि इशा या दोन नमाजांच्या दरम्यान आणि शास्त्रांचे वर्ग रविवारी सकाळी असतात. महिन्याला ३०० रुपये शुल्क आहे, ज्यांना ते झेपत नाही त्यांच्याकडून ते घेतले जात नाही आणि त्याची कुठे वाच्यताही होत नाही, ही गोष्ट मला फार आवडते. मगरिबची वेळ सूर्यास्ताला बांधलेली असल्यामुळे वर्गाची वेळही वर्षभर सरकत राहते. जूनअखेर सूर्य सव्वासातनंतर मावळतो, तेव्हा मुंबईत नोकरी करणारा माणूसही कसाबसा पोहोचतो. पण डिसेंबरात तोच सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि त्या वेळी आमच्यापैकी अर्धे जण अजून कार्यालयातून बाहेरही पडलेले नसतात. परिणामी दर हिवाळ्यात वर्ग रोडावतो आणि नेमके तेव्हाच क्रियापदांचे अवघड प्रकरण चालू असते. इशानंतरची एक तुकडी, निदान नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सुरू करावी, अशी विनंती अनेकांनी केली आहे. संस्थेने ती अद्याप मानलेली नाही.

विद्यार्थीवर्ग मिश्र आहे. मुंब्रा-कौसा ही वस्ती १९९२-९३ च्या दंगलींनंतर झपाट्याने वाढली आणि मुंबईच्या वेगवेगळ्या मोहल्ल्यांतून निघालेली माणसे इथे स्थायिक झाली, त्यामुळे एकाच बाकावर आझमगढकडचा शिंपी, मराठवाड्यातून आलेला औषधविक्रेता आणि माझ्यासारखा रत्नागिरीकडचा, मराठी शाळेत शिकलेला कोकणी मुसलमान शेजारी बसलेले दिसतात. गेल्या तुकडीत ठाण्याहून येणारा इतिहासाचा एक हिंदू विद्यार्थीही होता. त्याला शिलालेख वाचायचे होते, आणि उस्तादांनी त्याला इतर सर्वांप्रमाणेच वागवले, म्हणजे गृहपाठ न केल्याबद्दल तेवढेच रागावले.

भाषेसाठी जे पुस्तक वापरले जाते ते मदिना येथील इस्लामी विद्यापीठात, अरबी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी तयार झालेले तीन भागांचे पाठ्यपुस्तक आहे. त्याचे लेखक डॉ. व्ही. अब्दुर्रहीम हे मूळचे तामिळनाडूतील वाणियंबाडीचे. 'मा हाझा? हाझा बैतुन', म्हणजे 'हे काय? हे घर', इतक्या साध्या वाक्यापासून ते सुरू होते आणि व्याकरणाची एकही व्याख्या न सांगता विद्यार्थ्याकडून व्याकरण वापरून घेते. आपल्याकडच्या मदरशांची पद्धत याच्या अगदी उलट आहे. लखनौच्या फिरंगी महलचे मुल्ला निजामुद्दीन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, अठराव्या शतकातील दर्से निजामी अभ्यासक्रमात विद्यार्थी प्रथम 'मीझान' आणि 'नहवमीर' यांसारख्या छोट्या पुस्तकांतून नियम व रूपे मुखोद्गत करतो आणि मजकुराकडे नंतर वळतो. ती पद्धत वाईट नाही, पण दिवसभर मदरशात राहणाऱ्या मुलासाठी ती आखलेली आहे. संध्याकाळी थकून येणाऱ्या प्रौढाला पहिल्याच आठवड्यात एखादे अरबी वाक्य स्वतः रचता आले पाहिजे, नाहीतर तो तिसऱ्या आठवड्यात येत नाही.

आमच्या उस्तादांनी या दोन पद्धतींची जी सांगड घातली आहे, ती या वर्गाची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे, असे मी मानतो. पुस्तक मदिनेचे, पण क्रियापदांची रूपे मात्र जुन्या पद्धतीने, सर्वांनी मिळून मोठ्याने म्हणायची. भूतकाळाची चौदा रूपे आहेत: तृतीय पुरुषात पुल्लिंगी तीन व स्त्रीलिंगी तीन, द्वितीय पुरुषातही तशीच सहा आणि प्रथम पुरुषात दोन. ही गर्दान रोज वर्गाच्या आरंभी दहा मिनिटे चालते, दरवेळी नवे धातू घेऊन. सुरुवातीला काही जणांना ते पोरखेळासारखे वाटते. परंतु दुसऱ्या भागात जेव्हा 'काल' (तो म्हणाला), 'यकूलु' (तो म्हणतो) यांसारखी दुर्बल अक्षरांची क्रियापदे येतात आणि मधले अक्षर कधी अलिफ, कधी वाव होते तर कधी नाहीसेच होते, तेव्हा ज्याची जीभ वळलेली असते तोच टिकतो.

मराठी शाळेत शिकलेल्यांना या वर्गात एक अनपेक्षित फायदा होतो. अरबी नामाचा शेवट त्याच्या वाक्यातील स्थानानुसार बदलतो आणि रफा, नसब व जर अशा तीन अवस्था मानल्या जातात, हे उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांना फार उशिरा पचते. ज्याने पाचवीपासून विभक्तीचे तक्ते पाठ केले आहेत त्याला मात्र त्यातली कल्पना नवी नसते. उस्तादांची मराठी मोडकीतोडकी आहे, पण 'विभक्ती' हा शब्द त्यांनी आमच्याकडून उचलला आणि आता ते तो फळ्यासमोर बिनदिक्कत वापरतात. अर्थात तक्ता तंतोतंत जुळत नाही. आपली षष्ठी, सप्तमी आणि पंचमी ज्या अर्थांसाठी येतात त्यांपैकी बरेचसे अर्थ अरबीत शब्दयोगी अव्यय आणि जर या एकाच जोडीने भागवले जातात. 'किताबु मुहम्मदिन' (मुहम्मदचे पुस्तक) यात वस्तू आधी येते व मालक नंतर, मराठीच्या नेमके उलट. आणि पहिल्या नामावर 'अल' लागत नाही की तनवीन (नामाच्या शेवटचा 'न्' ध्वनी) टिकत नाही. तो गेला आणि ती गेली यांतला भेद आपल्या क्रियापदात असतोच, त्यामुळे लिंगानुसार बदलणारे अरबी क्रियापद आपल्याला खटकत नाही. द्विवचन मराठीत नाही, पण ज्यांनी शाळेत संस्कृत घेतले होते त्यांना तेही ओळखीचे वाटते. खरी अडखळण येते ती कर्ता अनेकवचनी असूनही त्याच्या आधी आलेले क्रियापद एकवचनीच राहते तेव्हा, आणि मनुष्येतर वस्तूंच्या अनेकवचनाला स्त्रीलिंगी एकवचनाचे विशेषण लावावे लागते तेव्हा. 'अल-कुतुबु जदीदतुन' (पुस्तके नवी आहेत) हे वाक्य लिहिताना माझा हात आजही क्षणभर थांबतो.

तिसऱ्या टप्प्यात पाठ्यपुस्तकाबरोबर 'अल-आजुर्रूमिया' वाचायला घेतात. फेस येथील इब्न आजुर्रूम, ज्यांचा मृत्यू १३२३ मध्ये झाला, त्यांचे हे नहवचे (वाक्यरचनेच्या व्याकरणाचे) पुस्तक अवघ्या काही पानांचे आहे आणि गेली सातशे वर्षे आफ्रिकेपासून इंडोनेशियापर्यंत मुले ते पाठ करत आली आहेत. दोन भाग झाल्यावर ते हाती घेतले की आपण वापरत आलेल्या गोष्टींना नावे मिळत जातात. पहिल्या दिवसापासून हेच पुस्तक घेणारे वर्गही ठाणे जिल्ह्यात आहेत, आणि तिथून कंटाळून आमच्याकडे आलेली दोन-तीन माणसे मला माहीत आहेत. स्वरचिन्हे नसलेला मजकूर वाचायची सवय याच टप्प्यावर लावली जाते. छापील कुरआनात प्रत्येक अक्षरावर स्वरचिन्ह असते, पण इतर बहुतेक अरबी पुस्तके त्यांविना छापलेली असतात, आणि शेवटचा स्वर कोणता हे वाक्याचा अर्थ कळल्याशिवाय ठरवता येत नाही. म्हणजे वाचता येण्यासाठी आधी समजावे लागते. उस्ताद प्रत्येकाला एक ओळ मोठ्याने वाचायला लावतात, चूक झाली तर काही न बोलता फळ्यावर बोट ठेवतात आणि विद्यार्थी स्वतः दुरुस्त करेपर्यंत थांबतात. वेळ जातो, पुढचे विद्यार्थी चुळबुळतात, तरीही ते घाई करत नाहीत. सरावासाठी बलियावींचा 'मिस्बाहुल लुगात' हा अरबी-उर्दू कोश वर्गात ठेवलेला आहे. त्यात शब्द धातूच्या क्रमाने लावलेले असल्यामुळे, 'मकतब' हा शब्द मीमखाली न शोधता काफ, ता, बा या धातूखाली शोधायचा असतो, आणि हे अंगवळणी पडेपर्यंत कोश जड वाटतो.

तजवीदचा, म्हणजे कुरआनाच्या शुद्ध उच्चारणाचा, तास वेगळा आहे व तो एक कारीसाहेब घेतात. कुरआनपठणातील उच्चारस्थाने इब्न अल-जझरी यांच्या मांडणीनुसार सतरा मानून त्यांचा सराव करून घेतला जातो आणि साकिन (स्वरहीन) नूनचे इझहार, इदगाम, इकलाब व इखफा हे चार नियम उदाहरणांसह शिकवले जातात. इथे मराठी जिभेचे दोष त्यांनी अचूक हेरले आहेत. 'जमीन' या शब्दातला आपला ज दातांजवळ अडून सुटतो, अरबी झा मात्र अखंड घासत जाणारा ध्वनी आहे. आपला फ ओठावर ओठ टेकवून येतो, अरबी फा वरचे दात खालच्या ओठाला लावून. यावर त्यांनी आम्हा कोकणातल्यांकडून स्वतंत्र सराव करून घेतला. 'झाद' हे अक्षर जिभेची कड वरच्या दाढांना लावून काढायचे असते, ते मात्र वर्गातल्या कुणालाच नीट साधलेले नाही, आणि कारीसाहेब त्याबद्दल फारसे आग्रही नाहीत.

शास्त्रांपैकी तफसीरचा (कुरआनावरील भाष्याचा) वर्ग मला सर्वांत मोलाचा वाटला, कारण तो भाषेच्या वर्गाचाच पुढचा भाग आहे. कुरआनाचा शेवटचा, तिसावा भाग, ज्यात ७८ ते ११४ क्रमांकांच्या छोट्या सूरा (अध्याय) आहेत, तो घेऊन उस्ताद प्रत्येक शब्दाचा धातू, रूप आणि अवस्था विचारतात आणि मग 'जलालैन' या दोन लेखकांच्या संक्षिप्त तफसीरमधील ओळ वाचून दाखवतात. सूरा इखलास सर्वांना लहानपणापासून पाठ असते. पण 'लम यलिद व लम यूलद' या छोट्या वाक्यात दोन्ही क्रियापदांचा धातू एकच असूनही एकात वाव गळतो आणि दुसऱ्यात टिकतो, हे आमच्यापैकी कुणी कधी पाहिलेच नव्हते. पहिले क्रियापद कर्तरी आहे, त्यात धातूच्या आरंभीचा वाव वर्तमान रूपात लोप पावतो. दुसरे कर्मणी आहे, म्हणून तो राहतो. आणि 'लम' मुळे दोन्हींचा शेवट स्वरहीन होतो. 'त्याने कुणाला जन्म दिला नाही आणि त्याला कुणी जन्म दिला नाही' हा अर्थ आम्हाला ठाऊक होता, मात्र तो त्या अक्षरांतून कसा निघतो हे त्या रविवारी कळले. पुढच्या आयतीत 'अहद' हा शब्द शेवटी असूनही रफामध्ये का आहे आणि 'कुफुवन' आधी येऊनही नसबमध्ये का, यावर अर्धा तास गेला. 'काना' या क्रियापदाचे उद्देश्य मागे गेले आहे आणि विधेय पुढे आले आहे, हे उत्तर शेवटी औषधविक्रेत्याने दिले. असे तास महिन्यातून दोन झाले तरी शुल्क वसूल होते.

एक उणीव मात्र इथेच नोंदवावीशी वाटते. कुरआनावर अरबीत भाष्य लिहिणारे मखदूम अली माहिमी, ज्यांचा मृत्यू १४३१ मध्ये झाला आणि ज्यांच्या माहीमच्या दर्ग्यावर आपल्यापैकी अनेक जण वर्षातून एकदा तरी जातात, त्यांच्या 'तब्सीरुर्रहमान' या ग्रंथाचा वर्गात उल्लेखही होत नाही. उरुसाला गर्दी करणाऱ्या कोकणी मुलांना हे आपल्या किनाऱ्यावरचे, फिकहच्या शाफई परंपरेतले पंडित होते आणि त्यांनी संपूर्ण कुरआनाची तफसीर लिहिली हे सांगायला एक तास पुरेसा आहे. कैरो आणि दमास्कसच्या विद्वानांबरोबर माहीमचाही एक विद्वान अभ्यासक्रमात असायला हवा, असे मी लेखी सुचवले आहे.

फिकहचा वर्ग हा या संस्थेचा अवघड भाग आहे आणि तो तिने अपेक्षेपेक्षा चांगला पेलला आहे. उत्तर भारतातून व दख्खनमधून आलेले बहुसंख्य विद्यार्थी हनफी, आम्ही कोकणी शाफई, आणि एकाच वर्गात दोन्ही. बहुतेक ठिकाणी अशा वेळी शिक्षक आपल्या मजहबचे (फिकहच्या परंपरेचे) पुस्तक शिकवतात व इतरांना गप्प बसवतात. इथे हनफींसाठी 'कुदूरी' आणि शाफईंसाठी अबू शुजा यांचा मतन, असे दोन छोटे ग्रंथ समांतर ठेवले जातात आणि शिक्षक दोन्हीकडची कारणे मांडतात. असरच्या (दुपारनंतरच्या) नमाजची वेळ वस्तूची सावली, मध्यान्हीची सावली वगळून, तिच्या उंचीइतकी झाल्यावर सुरू होते असे शाफई मानतात, तर हनफी मजहबातील प्रसिद्ध मतानुसार सावली दुप्पट व्हावी लागते. गावच्या मशिदीत अजान लवकर का होते आणि इथल्या हनफी मशिदीत उशिरा का, याचे उत्तर त्यात आहे. गच्चीवर काठी उभी करून आम्ही ते मोजलेही.

त्याहून रंगलेला तास कोळंबीवरचा होता. समुद्राचे पाणी शुद्ध करणारे आहे आणि त्यातील मृत जीव हलाल आहे, या अर्थाची हदीस घेऊन शाफई फकीह जलचरांना सरसकट मोकळीक देतात. हनफी मात्र ती मोकळीक माशापुरती मर्यादित ठेवतात, आणि मग कोळंबी हा मासा मानायचा की नाही, यावर भारतातल्या हनफी उलेमांतच दुमत आहे. ज्यांच्या घरी कोळंबीशिवाय पाहुणचार होत नाही त्या आम्हा मंडळींना हा वाद गमतीचा वाटला, पण शिक्षकांनी लगेच आमचाही आत्मविश्वास कमी केला: खेकड्याचा प्रश्न शाफई ग्रंथांतही सरळ नाही, कारण पाणी आणि जमीन दोन्हीकडे जगणाऱ्या प्राण्यांचा विचार तिथे वेगळा केला जातो. या चर्चेत दोन्ही मतनांतील मूळ अरबी वाक्ये फळ्यावर होती, म्हणून ती बाजारगप्पा झाली नाही.

हदीसच्या वर्गात इमाम नववी यांचा 'अर्बईन' वाचतात, ज्यात नाव चाळिसाचे असले तरी हदीसा ४२ आहेत. मजकुराचे वाचन चांगले होते. पण पुढच्या सत्रात हदीसशास्त्राच्या संज्ञा आणि उसूले फिकह (फिकहची मूलतत्त्वे) हे दोन विषय येतात, आणि तिथे वर्गाचा सूर एकदम बिघडतो. हे दोन्ही विषय दुसरे शिक्षक घेतात. ते व्यासंगी आहेत, बोलतात ओघवते, परंतु त्यांच्या तासाला अरबीचे एक अक्षरही फळ्यावर येत नाही. सहीह (विश्वसनीय), हसन, जईफ, मुरसल, मुनकते अशा हदीसच्या प्रकारांच्या व्याख्या उर्दूतून वेगाने उतरवून दिल्या जातात आणि परीक्षेत त्या तशाच मागितल्या जातात. कृत्यांचे मोल हेतूवर ठरते, या अर्थाची जी हदीस आम्ही नववींच्या संग्रहात पहिल्याच दिवशी वाचली, तीच बुखारींच्या संग्रहातही पहिली आहे. ती हजरत उमर यांच्याकडून अलकमा, त्यांच्याकडून मुहम्मद बिन इब्राहीम आणि त्यांच्याकडून याह्या बिन सईद अशी प्रत्येक पिढीत एकेकाच निवेदकामार्फत आली आणि याह्यांपासून पुढे असंख्य लोकांत पसरली. 'गरीब' म्हणजे निदान एका टप्प्यावर एकच निवेदक असलेली हदीस, आणि ती 'सहीह'ही असू शकते, हे दाखवायला याहून चांगले उदाहरण नाही. ते विद्यार्थ्यांना आधीच पाठ होते, तरी त्या तासाला कुणी त्याचे नाव काढले नाही.

वेळ कमी आहे, असे कारण दिले जाते. ते मला पटत नाही, कारण नेमक्या याच विषयांवर नवशिक्यांसाठी फार छोटे मूळ ग्रंथ उपलब्ध आहेत. 'बैकूनिया' ही हदीसच्या संज्ञांवरील कविता केवळ ३४ ओळींची आहे. अकराव्या शतकातील इमामुल हरमैन जुवैनी यांची 'वरकात', जिच्या नावाचा अर्थच 'काही पाने' असा आहे, ती उसूले फिकहची ओळख तेवढ्याच आटोपशीरपणे करून देते. दर रविवारी दोन-दोन ओळी वाचल्या तरी बैकूनिया एका सत्रात संपेल, आणि भाषेचा दुसरा भाग झालेल्या विद्यार्थ्याला त्या ओळींचे व्याकरण सोडवता येईल. ज्या संस्थेने भाषा इतक्या चिकाटीने शिकवली, तिनेच त्या भाषेचा उपयोग करण्याची वेळ आल्यावर विद्यार्थ्याच्या हातातून पुस्तक काढून घ्यावे, हे अनाकलनीय आहे.

माध्यमाचा प्रश्नही याच्याशीच निगडित आहे. उर्दू ही इथली सामाईक भाषा आहे आणि तिला माझा आक्षेप नाही; पण मराठी शाळांतून आलेल्यांना बोललेली उर्दू कळते, फळ्यावर नस्तालीक वळणात भराभर लिहिलेली वाचता येत नाही. अरबी पुस्तक नस्ख वळणात छापलेले असते व ते आम्ही सुरळीत वाचतो, म्हणजे अरबी वाचता येते आणि उर्दू टिपण वाचता येत नाही, अशी चमत्कारिक अवस्था होते. आम्ही काही जणांनी व्याकरणाच्या संज्ञांची एक मराठी वही तयार केली असून ती नव्या विद्यार्थ्यांना झेरॉक्स काढून दिली जाते. संस्थेने ती नीट छापून द्यावी, कारण पनवेल, तळोजा आणि भिवंडीकडून येणाऱ्या कोकणी मुलांची संख्या काही कमी नाही.

स्त्रियांची तुकडी शनिवारी आणि रविवारी दुपारी असते. माझी बहीण तिथे शिकते. तिथल्या आलिमा शिक्षिकेला सगळ्या जणी आपा म्हणतात, आणि त्या हदीसच्या संज्ञासुद्धा मजकुरावरच शिकवतात, असे बहिणीच्या वहीवरून दिसते. तिच्या वहीत अरबी अधिक आणि उर्दू कमी आहे. पुरुषांच्या तुकडीने तिथून धडा घ्यायला हरकत नाही. स्त्रियांची खोली मात्र लहान आहे, पंखे अपुरे आहेत आणि मुलांना सोबत आणणाऱ्या आयांसाठी काही सोय नाही, ही तक्रार रास्त आहे. ग्रंथसंग्रह दोन कपाटांचा आहे आणि चावी ज्यांच्याकडे असते ते सहसा नसतात.

प्रमाणपत्राच्या अपेक्षेने कुणी येऊ नये. वर्षअखेरीस परीक्षा होते, ती तोंडी आणि लेखी दोन्ही, आणि ती प्रामाणिकपणे घेतली जाते. परंतु मिळणाऱ्या कागदाला शासनाची मान्यता नाही व त्यावर नोकरी मिळणार नाही. ज्यांना मान्यताप्राप्त अभ्यासक्रम हवा त्यांनी राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेचा व्यावहारिक अरबीचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्यापुढील पदविका यांची चौकशी करावी. आखातात नोकरीला निघालेल्यांसाठीही हा वर्ग नाही. तिथल्या बाजारात व दवाखान्यात बोलली जाणारी बोली इथे शिकवली जात नाही, आणि इथे शिकलेली वाक्ये दुबईतल्या टॅक्सीत वापरली तर चालक कौतुकाने हसेल, एवढेच. घरबसल्या शिकायचे असेल तर डॉ. अब्दुर्रहीम यांनी स्वतः घेतलेले पाठ इंटरनेटवर विनामूल्य पाहायला मिळतात आणि ते फार चांगले आहेत. आमच्यातले काही जण हिवाळ्यात चुकलेले तास त्यांवरूनच भरून काढतात. फक्त, तुमची ओळ चुकली तर ते पाठ तुम्हाला थांबवत नाहीत.

नवी तुकडी मदरशांच्या रीतीप्रमाणे रमजान ईदनंतर शव्वाल महिन्यात सुरू होते आणि शाबानमध्ये वर्ष संपते. प्रवेशपरीक्षा नाही, मात्र कुरआन पाहून वाचता येणे गृहीत धरलेले असते. ज्यांना लिपीच येत नाही त्यांना आधी नूरानी कायदा (अक्षरओळखीचे प्राथमिक पुस्तक) करून यायला सांगतात आणि त्यासाठी त्याच मशिदीत सकाळी फजरनंतर प्रौढांचा वर्ग भरतो. पाठ्यपुस्तकाचे तिन्ही भाग मुंबईत मुहम्मद अली रोडवर मिळतात. पहिल्या वर्षी फक्त भाषेसाठी नाव नोंदवावे, तफसीर आणि फिकह दुसऱ्या वर्षी घ्यावे, आणि हदीसच्या संज्ञांचा व उसूलचा तास सध्याच्या स्वरूपात असेपर्यंत पुढे ढकलावा, असे मी विचारणाऱ्यांना सांगतो. कार्यालय शुक्रवारी बंद असते, इतर दिवशी असर ते इशा उघडे असते.